दुरुस्तीनंतर सुरू झालेली कूलंटगळती : रेडिएटर बदलण्याआधी सल्ला हवा

इंदिरानगरकर
५ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गाडी वॅगन-आर, २०१३ची, पेट्रोल, ९२ हजार किमी झालेली. डिसेंबरमध्ये इंजिनाच्या बेल्टच्या बाजूने घरघर यायला लागली. गॅरेजमध्ये दाखवली तर वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय म्हणाले. पंपाखाली ओलही दिसत होती, त्यामुळे त्या निदानाबद्दल माझी तक्रार नाही. पंप, त्याचं गॅस्केट, थर्मोस्टॅट, बेल्ट आणि कूलंट असं सगळं नवं टाकलं. आवाज गेला.

चौथ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा हिरवट डाग दिसला. रिझर्व्ह बॉटलमधली पातळी 'फुल'वरून 'लो'च्या जरा खाली आली होती. गॅरेजवाला म्हणाला, आत अडकलेली हवा निघाली असेल, टॉपअप करा. केलं. पाच दिवसांनी परत तेच. तिसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा त्यांनी प्रेशर लावून बघितलं, त्यात काहीच निघालं नाही. मग रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यावर हिरवी पापडी धरलेली दाखवली आणि म्हणाले, रेडिएटर गेलाय, बदलावा लागेल.

दुरुस्तीच्या आधी त्या कोपऱ्यात काही नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. गाडी मी स्वतः धुतो. १८ तारखेला आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला न्यायचंय, म्हणजे कसारा घाट आला. खर्चाची तयारी आहे, पण चुकीच्या जागी खर्च करून घाटात अडकायचं नाही. इंजिन गरम झाल्याचा लाल दिवा अजून एकदाही लागलेला नाही.

अर्धा_लिटर
५ जानेवारी, रात्री ९:३२

रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाका. आमच्या ट्रकवाल्या मामांनी आयुष्यभर हेच केलं. बारीक गळती बसते.

रंकाळा
५ जानेवारी, रात्री १०:०५

आधी ते कूलंटच आहे का, याची खात्री करा. मागच्या वर्षी मी पंधरा दिवस एसीच्या पाण्याला कूलंट समजत होते. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि वाळलं की मागे काही उरत नाही. कूलंट दोन बोटांत चोळलं तर किंचित बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो आणि वाळल्यावर रंगीत पापडी राहते. चव मात्र अजिबात घेऊ नका, विषारी असतं. बघून झालं की हात साबणाने धुवा.

आणखी एक. डावीकडच्या सीटपुढचं पायपुसणं उचलून खालचा गालिचा चाचपून बघा. तिथे चिकट ओल असेल, काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरची जाळी गळत असते आणि बाहेर कितीही शोधलं तरी सापडत नाही.

निवृत्त_फिटर
६ जानेवारी, सकाळी ७:२०

मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. मोटारींवर हात कमी चालला, पण पाणी सगळीकडे एकाच रीतीने गळतं, म्हणून लिहितो.

हळद टाकू नका. ट्रकवाल्यांना रस्त्यात दुसरा इलाज नसायचा, मुक्कामाला पोहोचण्यापुरतं ते करायचे आणि पोहोचल्यावर रेडिएटर उघडून धुवायचे. तुमच्या रेडिएटरच्या नळ्या बारीक आहेत आणि थर्मोस्टॅट कोरा आहे. हळदीचा गाळ तिथे बसला तर गळती राहील बाजूला, गाडी तापायला लागेल.

आता मुद्द्याचं. कामाआधी गळती नव्हती आणि कामानंतर सुरू झाली. मग ज्या ज्या जोडाला त्या कामात हात लागला, तेवढेच जोड आधी संशयित. रेडिएटर जुना आहे, कधीतरी जाईलही, पण तो नेमका त्याच आठवड्यात गेला असं मानण्याआधी बाकीचे जोड सुटले पाहिजेत. नवा पंप चार ठिकाणी दगा देतो. गॅस्केट बसवताना जुन्या गॅस्केटचा कण खाली राहिला तर. सिलिकॉन जास्त थापलं तर. बोल्ट एका बाजूने आवळत नेले तर. आणि पंपाच्या आतलं सील मुळातच खराब निघालं तर. सीलचं ओळखणं सोपं आहे. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. नव्या पंपातून पहिल्या दिवशी एखाद-दुसरा थेंब तिथून येतो, त्याचं काही नाही. रोज यायला लागला तर पंप परत करायचा.

मला दोन गोष्टी सांगा. पहिली, जुनं कूलंट काढताना त्यांनी रेडिएटरचा ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) उघडला होता की बॉटम होज (रेडिएटरचा खालचा रबरी पाइप) खेचला होता? दुसरी, डाग कधी पडतो, गाडी चालवून आल्यावर लगेच की रात्रभर उभी राहिल्यावर?

इंदिरानगरकर
६ जानेवारी, सकाळी ८:४५

काका, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आता गॅरेजमधल्या पोराला फोन केला. ड्रेन प्लग फिरत नव्हता, म्हणून बॉटम होज काढला म्हणाला. जुनी क्लिप 'सैल पडली होती' म्हणून नवी टाकली, स्क्रूने आवळायची.

डाग रात्री पडतो. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर अर्धा तास खाली पुठ्ठा ठेवून पाहिला, कोरडा ठणठणीत. सकाळी ओला.

रंकाळाताई, गालिचा कोरडा आहे. काचेवर धुकं नाही. आणि ते कूलंटच आहे.

निवृत्त_फिटर
६ जानेवारी, सकाळी ९:०२

बॉटम होज रेडिएटरला कुठे लागतो ते बघा. खालच्या कोपऱ्यातच ना? आणि पापडी कुठे धरली आहे?

इंदिरानगरकर
६ जानेवारी, सकाळी ९:०६

त्याच कोपऱ्यात. जेमतेम चार बोटांवर.

कॅल्गरीकर
६ जानेवारी, सकाळी ११:५०

आमच्याकडे कॅनडात हा प्रकार दर हिवाळ्यात बघायला मिळतो. गाडी गरम असताना एक थेंब नाही आणि रात्री गारठली की खाली थारोळं.

कारण असं आहे. होज रबराचा. रबर तापला की फुगतो, गारठला की आकसतो, आणि तो ज्यावर चढवतात त्या रेडिएटरच्या प्लास्टिकच्या नळीपेक्षा किंवा बाहेरच्या लोखंडी क्लिपपेक्षा कितीतरी जास्त. स्क्रूची क्लिप एकदा जेवढी आवळली तेवढाच तिचा घेर राहतो. गरम असताना फुगलेला रबर तिच्यात स्वतःच दाबला जातो आणि जोड बंद होतो. पहाटे रबर आकसला की क्लिप आणि होज यांच्यातला ताण उतरतो आणि थेंब वाट काढतो. कंपनीने जी स्प्रिंगची क्लिप दिलेली असते ती रबराबरोबर लहानमोठी होते, दाब धरून ठेवते. म्हणून हल्ली बहुतेक गाड्यांना तीच येते. पक्कड लावायला अवघड जाते म्हणून मेकॅनिक ती काढून टाकतात.

नाशिकला सध्या किती थंडी आहे?

द्राक्षबाग
६ जानेवारी, दुपारी १२:१५

निफाडहून लिहितोय. या आठवड्यात पहाटे पारा सात-आठवर येतोय. आम्ही बागेत शेकोट्या पेटवून बसतो, द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून. शहरात दोन-तीन अंश जास्त धरा.

निवृत्त_फिटर
६ जानेवारी, दुपारी १:३०

कॅल्गरीकर, तुमचं म्हणणं बरोबर, पण सगळा दोष स्क्रूच्या क्लिपवर टाकू नका. आम्ही बसगाड्यांना वर्षानुवर्षं त्याच लावल्या. मात्र नवा होज लावला की गाडी एकदा तापवून, पूर्ण गार होऊ देऊन, दुसऱ्या दिवशी क्लिप पुन्हा पाव फेरा आवळायची, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही माहीत असायचं. ते दुसऱ्या दिवशीचं काम आता कोणी करत नाही. गाडी संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाते, मग आवळणार कधी?

कॅल्गरीकर
६ जानेवारी, रात्री ८:१०

मान्य. फक्त एक भर घालतो. बसचा पाइप धातूचा असायचा, या गाडीच्या रेडिएटरची नळी प्लास्टिकची आहे. पुन्हा पुन्हा आवळत गेलं तर ती तडकते आणि मग खरंच रेडिएटर बदलावा लागतो. म्हणून इंदिरानगरकर, घरच्या घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आवळायला जाऊ नका. आधी गळती तिथेच आहे हे सिद्ध करा.

गॅरेजमधल्या प्रेशर टेस्टबद्दल विचारायचं राहिलं. ती केली तेव्हा इंजिन गरम होतं की गार?

इंदिरानगरकर
६ जानेवारी, रात्री ८:२५

मी गाडी चालवत नेली होती, पंधरा-वीस मिनिटं थांबलो, मग केली. म्हणजे गरमच. दोन मिनिटं काटा बघितला आणि 'ओके' म्हणाले.

कॅल्गरीकर
६ जानेवारी, रात्री ८:४०

मग ती टेस्ट झालीच नाही असं समजा. गळती गार असताना होते आणि तपासणी गरम असताना झाली. रात्रभर गाडी उभी ठेवा आणि पहाटे, इंजिन सुरू न करता, त्याच जागी टेस्टर लावून घ्या. रेडिएटरच्या टोपीच्या जागी तो बसतो, हातपंपाने हवा भरायची. टोपीवर जो आकडा छापलेला असेल तेवढाच दाब द्यायचा, त्यावर नाही. निदान पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला तर गळती आहे, आणि दाब असल्यामुळे थेंब कुठून येतो तेही दिसेल.

टोपी गार असतानाच उघडायची हे सांगायला नको, तरी सांगतो. ०.९ बारचा दाब असला की साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. गरम इंजिनाची टोपी फिरवली की तो दाब एका क्षणात सुटतो आणि आतलं सगळं वाफ होऊन अंगावर येतं.

नवीन_सभासद_४७
६ जानेवारी, रात्री ९:१५

मध्येच विचारतो, माफ करा. गॅरेजवाला म्हणाला तसं हवा निघाल्यामुळे पातळी कमी होत नाही का? माझ्या गाडीत झाली होती.

निवृत्त_फिटर
६ जानेवारी, रात्री ९:४०

होते ना. कूलंट नव्याने भरलं की हवेचे खिसे आत राहतात. दोन-तीन वेळा गाडी तापून गार झाली की ते सुटतात आणि तेवढी पातळी उतरते. पण मग ती थांबली पाहिजे. हवा निघाली म्हणून फरशीवर डाग पडत नाही. भरतानाच धार बारीक ठेवावी, हीटर पूर्ण गरमवर करावा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावं, म्हणजे नंतर फारसं उतरत नाही.

पातळी नुसती डोळ्यांनी बघू नका. बॉटलवर मार्करने रेघ मारा, तारीख घाला आणि रोज पहाटे एकाच वेळी, गार इंजिनावर, पट्टीने मोजा. संध्याकाळी मोजलं तर कूलंट फुगलेलं असतं, हिशेब चुकतो.

रंकाळा
६ जानेवारी, रात्री १०:२०

एक कळकळीची विनंती. पार्किंगमध्ये मांजरं-कुत्री असतील तर तो डाग रोज धुवा. कूलंटमधलं ग्लायकॉल गोड लागतं, जनावरं चाटतात. मांजराला एक-दोन चमचेही जिवावर बेतायला पुरतात आणि आधी दिसतं काय, तर झिंगल्यासारखं चालणं. मूत्रपिंडं नंतर जातात, तोवर उशीर झालेला असतो. आमच्या गल्लीत हे घडलेलं आहे. वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपा, मग साबणाने घासा. खाली ट्रे ठेवलात तर उघडा ठेवू नका.

इंदिरानगरकर
७ जानेवारी, सकाळी ७:५५

ताई, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या जिन्याखाली एक मांजरी तीन पिल्लं घेऊन राहते. रात्रीच फरशी धुतली. आता गाडीखाली ट्रे आणि त्यावर बारीक जाळी ठेवली आहे. वॉचमनकाकांनाही सांगितलं.

मोजमाप सुरू केलं. काल रात्री ९ वाजता आणि आज पहाटे साडेसहाला ट्रेमध्ये पाहिलं, साधारण दीड चमचा जमलं होतं.

इंदिरानगरकर
१० जानेवारी, सकाळी १०:३०

अपडेट देतो. रेघेपासून खाली : ८ तारखेला ४ मिमी, ९ला ९ मिमी, आज १३ मिमी. म्हणजे थांबत नाही.

काल संध्याकाळी गाडी गार झाल्यावर तो सगळा कोपरा ओल्या फडक्याने पुसला, पापडी काढली, कोरडा केला. मग टाल्कम पावडर भुरभुरवली, होजच्या तोंडापासून रेडिएटरच्या कडेपर्यंत. ही युक्ती काकांनी व्यक्तिगत निरोपात सांगितली होती. आज पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन खाली गेलो. पांढऱ्या पावडरीत एकच ओली रेघ होती. ती होजच्या ओठापासून, क्लिपच्या स्क्रूच्या अगदी खालून निघत होती आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या कडेने उतरत कोपऱ्यात गेली होती, जिथे पापडी धरायची. टाकी आणि जाळीचा जोड जिथे दुमडलेला असतो, तिथली पावडर पूर्ण कोरडी होती. म्हणजे पापडी खरी होती, पण पाणी वरून आलेलं होतं.

फोटो नीट आला नाही. पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा इतकं स्पष्ट होतं, की तिथेच फरशीवर बसून राहिलो पाच मिनिटं.

निवृत्त_फिटर
१० जानेवारी, सकाळी १०:५०

शाब्बास. ओल दिसते त्यात सगळ्यात उंच ठिकाण कुठलं, तेच शोधायचं असतं. पंख्याचा वारा आणि उतार मिळून थेंब हातभर लांब नेतात.

आता पहाटेची प्रेशर टेस्ट कराच, म्हणजे दुसरी गळती तर नाही ना, तेही कळेल. शक्य असेल तर आणखी एक बघून घ्या. टोपीखाली नजर टाकून, इंजिन सुरू केल्यावर एकसारखे बुडबुडे येतात का? ऑइलच्या काठीवर दुधासारखं काही? सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर? हे नसेल तर हेड गॅस्केटची काळजी सोडा.

इंदिरानगरकर
१२ जानेवारी, दुपारी २:१५

बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ, धूर नाही.

द्वारका भागात एक रेडिएटरवाले आहेत. त्यांच्याकडे काल रात्रीच गाडी ठेवली आणि आज सकाळी सातला पोहोचलो. माझ्या टोपीवर ०.९ आहे, तेवढाच दाब दिला. पंधरा मिनिटांत काटा ०.६वर आला आणि होजखाली थेंब लटकला. नवा पंप, थर्मोस्टॅटचं घर, हीटरचे दोन पाइप, सगळं आरशाने आणि टॉर्चने बघितलं, कोरडं. पंपाच्या खालच्या भोकातही काही नाही. म्हणजे पंपाचं काम त्या मुलांनी नीट केलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग होज काढला. रेडिएटरच्या नळीला तोंडाशी एक उंचवटा असतो, होज त्याच्या पलीकडे जाऊन बसावा म्हणून. नवी क्लिप बरोबर त्या उंचवट्यावर बसवली होती, अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. त्यामुळे ती कितीही आवळली तरी एका बाजूला तिरकी राहत होती. शिवाय होज सुटत नव्हता म्हणून त्यात स्क्रू ड्रायव्हर घातला असणार, होजच्या आतल्या बाजूला लांब ओरखडा आहे. नळीवर मात्र नख फिरवून पाहिलं, ती गुळगुळीत आहे. नळीला जुन्या रबराचा पातळ थर चिकटलेला होता, तो त्यांनी कोमट पाण्याच्या फडक्याने काढला.

नवा होज आणि मापाची स्प्रिंगची क्लिप, मजुरी आणि कूलंट धरून ११४० रुपये झाले. रेडिएटर तोच. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं, माझ्यासमोर मिसळून भरलं. त्यांनी आधी बोअरचं पाणी हातात घेतलं होतं, मी थांबवलं.

अर्धा_लिटर
१२ जानेवारी, दुपारी ३:००

छान झालं. हळदीचा सल्ला मी मागे घेतो. मामांचा ट्रक वेगळा होता, काळही वेगळा होता. बोअरच्या पाण्याचं काय बिघडतं?

कॅल्गरीकर
१२ जानेवारी, रात्री ८:३०

त्यातले क्षार गरम जागी बसतात, किटलीच्या तळाशी बसतात तसेच. नळ्या अरुंद होतात, आणि कूलंटमधलं गंजरोधक द्रव्यही त्या क्षारांत खर्च होतं. थंडीत गोठू नये यासाठी आम्हाला कूलंट लागतं, पण महाराष्ट्रातही ते लागतं ते या गंजासाठी आणि उकळबिंदू वर नेण्यासाठी. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं तर त्यात पुन्हा पाणी घालू नये, एवढं बाटलीवर वाचून घ्या.

नवीन_सभासद_४७
१३ जानेवारी, सकाळी ९:२०

आधीच्या गॅरेजशी बोललात का? पैसे परत मागितले?

इंदिरानगरकर
१३ जानेवारी, सकाळी ९:५५

बोललो. जुना होज आणि ती क्लिप घेऊन गेलो आणि मालकासमोर काउंटरवर ठेवली. आधी ते जरा गरम झाले. मग होजच्या आत बोट घालून तो ओरखडा त्यांनी स्वतः चाचपला आणि गप्प झाले. होज-क्लिपचे पैसे देऊ केले, मी ते घेतले. मला जास्त बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्यांनी त्या पोराला बोलावलं आणि उंचवटा कुठे, क्लिप कुठे, हे त्याच होजवर दाखवलं. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्याला हे कोणी आधी दाखवलंच नव्हतं.

निवृत्त_फिटर
१३ जानेवारी, सकाळी १०:१०

जुना होज तिथेच ठेवून आलात ना? राहू द्या. त्या पोराच्या कामी येईल.

घाट चढताना एसी बंद ठेवायची गरज नाही, पण इगतपुरीला थांबाल तेव्हा बोनेट उघडून नुसती नजर टाका. टोपीला हात लावू नका.

इंदिरानगरकर
२० जानेवारी, सायंकाळी ६:४०

काल मुंबईहून परत आलो. जाताना कसाऱ्याला थांबलो, येताना घाट चढून इगतपुरीला. दोन्ही वेळा बोनेट उघडून बघितलं, कोपरा कोरडा. आज पहाटे पट्टी लावली. पहिल्या तीन दिवसांत ३ मिमी उतरली होती, ती हवा असणार, त्यानंतर पातळी त्याच रेघेवर आहे. ट्रेमध्ये आठ दिवस काही नाही, म्हणून आज तो उचलून ठेवला.

आईचे डोळे ठीक आहेत, पुढच्या तपासणीला सहा महिन्यांनी बोलावलंय. पिल्लं आता जिन्याखालून बाहेर पडून गाडीच्या बोनेटवर बसायला लागली आहेत.